एक डॉक्टर म्हणतात चालू ठेवा, दुसरे म्हणतात बंद करा, आणि चिठ्ठीत तिसरंच: औषधांच्या सूचना जुळत नसतील तर काय करायचं

आमच्या आईची थायरॉईडची गोळी आधी ५० ची होती. रिपोर्ट बघून डॉक्टर बोलले, "आता पंच्याहत्तर सुरू करूया," चिठ्ठीवर ७५ लिहिलं, आम्ही मेडिकलमधून ७५ ची नवीन बाटली आणली आणि घरी ५० ची अर्धी बाटली शिल्लक होतीच. चिठ्ठीत जुनी बंद असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. आईने सरळ अर्थ काढला की वाढवलंय म्हणजे जास्तीची दिलीय, आणि अठरा दिवस ती दोन्ही घेत होती, ५० पण आणि ७५ पण. रात्री झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरतायत, आम्हाला वाटलं बीपी बिघडलं. मी साताऱ्याला घरी गेले तेव्हा सकाळी तिच्या हातात दोन बाटल्या दिसल्या म्हणून कळलं.

त्या दिवसापासून मी एक प्रश्न प्रत्येक डॉक्टरला विचारते, कितीही गर्दी असली तरी: ही गोळी जुन्याच्या जागी आहे की जुन्याच्या सोबत? हा लेख वाचून एवढी एक गोष्ट जरी लक्षात राहिली तरी चालेल. पण आईच्या आजारपणात यापेक्षा अवघड प्रसंग पण आलेत, एकाने चालू ठेवा सांगितलंय आणि दुसऱ्याने बंद करा, किंवा डॉक्टर तोंडाने एक बोलले आणि कागदावर वेगळंच आहे, तर त्यात आम्ही काय करत गेलो आणि काय करायला हवं होतं ते सगळं क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे कुठलं औषध बरोबर हे मी सांगणार नाही. दोन सूचना जुळत नसताना त्यातली कुठली खरी हे घरच्यांनी ठरवायचंच नसतं, आपलं काम आहे तो प्रश्न योग्य माणसापर्यंत पोचवणं आणि उत्तर एकच, लेखी मिळवणं.

सगळ्यात आधी, वाट बघायला वेळ आहे का ते बघा

गोंधळ लक्षात आला तेव्हा पेशंटला काही त्रास होतोय का? छातीत दुखणं, दम लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, बोलणं अडखळणं, रक्त न थांबणं, शौचाला डांबरासारखी काळी होणं, यातलं काहीही असेल तर चिठ्ठ्या जुळवत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. "पांढरी गोळी होती, लहानशी" असं सांगून तिथल्या डॉक्टरला काहीही कळत नाही.

डायबेटिसच्या पेशंटला घाम फुटला, थरथर सुटली, बरळल्यासारखं झालं आणि शुद्धीवर आहे, गिळता येतंय, तर आधी शुगर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालायचं नाही. गोळीचा डबल डोस गेला असेल आणि ती शुगरची, रक्त पातळ करायची, फिट्सची किंवा झोपेची असेल तर त्रास दिसत नसला तरी लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका.

त्रास नसेल तर: काय थांबवायचं नाही

प्रश्न सुटेपर्यंत एक-दोन दिवस जातात, तेवढ्यात काय करायचं हा खरा पेच असतो. आपल्याकडे सवय अशी की शंका आली की गोळी बंद. काही गोळ्यांच्या बाबतीत तेच सगळ्यात धोक्याचं आहे.

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवलाय आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू आहे, ती मनाने थांबवायची नाही, कारण स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि पहिले काही महिने हा धोका सगळ्यात जास्त. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी अचानक सोडली तर ठोके आणि बीपी उसळी मारतात. प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉईड काही आठवडे चाललेलं असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं कमी केलेलं असतं, अचानक थांबवलं की बीपी कोसळू शकतं, म्हणून ते हळूहळू उतरवतात. फिट्सच्या गोळ्या आणि बरेच महिने चाललेल्या झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या (अल्प्राझोलाम वगैरे) पण तशाच. इन्सुलिन पण.

आमच्या घरचा साधा नियम असा: जी गोळी बरेच महिने चालू आहे ती डॉक्टरशी बोलल्याशिवाय बंद नाही, आणि जी आजच नवीन दिलीय आणि जुन्यातल्या कशाशी तरी जुळत नाहीये असं वाटतंय, ती पहिला डोस देण्याआधी त्याच दिवशी फोन करून विचारायची. याला अपवाद म्हणजे ॲलर्जी. आधी ज्या औषधाने अंगावर पुरळ आलं किंवा चेहरा सुजला होता तेच परत दिलंय, तर द्यायचं नाही आणि ताबडतोब कळवायचं.

मग सगळं टेबलावर ओता

खरंच ओता. कपाटातला डबा, देवघराशेजारची बाटली, पर्समधली स्ट्रिप, फ्रीजमधलं इन्सुलिन, डोळ्यांचे ड्रॉप, पंप, गुडघ्याला लावायचं मलम, आयुर्वेदिक चूर्ण, काढा, होमिओपॅथीच्या बाटल्या, शेजारच्या काकूंनी दिलेली कॅल्शियमची गोळी. डॉक्टरला आपण फक्त "बीपीची आणि शुगरची चालू आहे" एवढंच सांगतो आणि खरा गोंधळ बऱ्याचदा बाकीच्या सामानात असतो. जेष्ठमधाचा काढा महिनोन्महिने घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, हे माहीत नसताना बीपीची गोळी वाढवत नेली तर दोष कोणाचा?

आता प्रत्येक स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाबरोबर छापलेलं आतल्या औषधाचं नाव वाचा. चष्मा लावूनही दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे, तो स्कॅन केला तरी आतलं नाव कळतं. हे करायचं कारण म्हणजे एकच औषध दोन नावांनी घरात असणं. टेल्मा आणि टेल्मिकाइंड दोन्हीत बीपीचं टेल्मीसार्टनच आहे. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आहेच ३२५ मिलिग्रॅम, त्यावर ताप आला म्हणून डोलो ६५० घेतली की बेरीज होत जाते, आणि मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल चालत नाही, लिव्हर कमजोर असेल, वजन कमी असेल, वय झालेलं असेल तर मर्यादा त्याच्याही खाली. इकोस्प्रिन वेगळी आणि इकोस्प्रिन एव्ही वेगळी, दुसऱ्यात ॲस्पिरिनसोबत कोलेस्टेरॉलची ॲटोर्वास्टॅटिन पण आहे. हॉस्पिटलमधून सुटताना एव्ही दिली आणि घरी आधीची साधी इकोस्प्रिन पण चालू, वर कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी पण चालू, असं सर्रास होतं.

मग एका कागदावर लिहा. वही नको, एकच कागद, आडवा धरून. गोळीचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, कशासाठी, कोणत्या डॉक्टरने दिली, कधीपासून, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, कधीपर्यंत. जिथं दोन कागद वेगळं बोलतात तिथं दोन्ही सूचना लिहा, तारखेसकट, आणि शेजारी लाल पेनने प्रश्नचिन्ह. "कशासाठी" हा रकाना भरताना आई बऱ्याच गोळ्यांना अडखळली, आणि एक पोटाची गोळी चार वर्षांपूर्वी आठवड्याभरासाठी दिलेली अजून चालू होती हे तेव्हा कळलं.

चिठ्ठीची भाषा

कित्येक वेळा डॉक्टरांचं आपसात काही वेगळं नसतंच, वाचणाऱ्याने चुकीचं वाचलेलं असतं. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी किंवा बीआयडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. पण डोळ्याच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे उजवा डोळा असू शकतो, तिथं विचारूनच घ्या. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी यू अक्षर घाईत लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात, म्हणून इन्सुलिनचा आकडा कायम तोंडाने खात्री करून घ्यायचा.

सगळ्यात भयंकर गफलत आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांची. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात ती आठवड्यातून एकदाच असते, आणि ती कोणी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीव सुद्धा जाऊ शकतो. सोबत फॉलिक ॲसिड देतात, त्याचे वार वेगळे असतात, आणि दोन्ही बारीक पिवळसर गोळ्या असल्या की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. व्हिटॅमिन डी ची ६०,००० युनिटची गोळी किंवा पावडर पण साधारण आठवड्यातून एकदा असते, ती रोज घेणारे मी स्वतः दोन जण बघितलेत. अशा गोळीवर मार्करने वार लिहून टाका, "फक्त रविवार", आणि डॉक्टरांकडून पण चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या.

अक्षर लागत नसेल तर मेडिकलवाल्याने अंदाज करावा अशी वेळ येऊ देऊ नका, परत जा आणि विचारा. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्येच केलाय, त्यामुळे "डॉक्टर, हे नाव जरा सुटं लिहून द्याल का" म्हणण्यात उद्धटपणा काहीच नाही.

काही भांडणं वेळेचीच असतात

आईच्या चार गोळ्यांवर "अनशापोटी" लिहिलेलं. थायरॉईड, पोटाची, कॅल्शियम, आणि शुगरच्या एका गोळीवर नाश्त्याआधी. तिचा प्रश्न बरोबरच होता, सगळ्या अनशापोटी एकदम घ्यायच्या का? नाही. थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाची गोळी थायरॉईडपासून चार तास लांब ठेवायची, नाहीतर थायरॉईडचं औषध नीट शोषलंच जात नाही आणि मग रिपोर्ट बिघडला म्हणून डोस वाढतो. तिचं कॅल्शियम आता दुपारच्या जेवणासोबत गेलंय. पोटाची पॅन्टोप्रॅझोल नाश्त्याआधी अर्धा तास. शुगरची ग्लिमेपिराईड ताटावर बसतानाच, घेऊन नाश्ता लांबवायचा नाही. मेटफॉर्मिन, ही पण शुगरचीच, जेवणासोबत किंवा लगेच नंतर म्हणजे पोट कमी बिघडतं. ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन एकाने सकाळी सांगितली आणि दुसऱ्याने रात्री तर त्यात काळजीचं काही नाही, त्या दिवसात कधीही चालतात, फक्त रोज वेळ तीच ठेवा आणि दोन्ही वेळा घेऊ नका.

हे वेळापत्रक तुम्ही मांडा, पण एकदा फॅमिली डॉक्टरला दाखवून घ्या.

आणि उपास. एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. डॉक्टरने "रोज घ्यायची" सांगितलेलं असतं आणि घरात कोणीतरी म्हणतं "उपास आहे तर शुगरची गोळी नको", दोघांचं बरोबर वाटतं. ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या डोसमध्ये घेऊन पोटात काही गेलं नाही तर शुगर धोकादायक खाली जाते. उलट साबुदाणा खिचडी, बटाटा, रताळं असा उपास असेल तर ती वर जाते, मग गोळी टाळली की अजूनच वर. शुगरची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर निर्जळी उपासात पाणी कमी पडून आणि ॲसिड साठून वेगळाच त्रास होतो. म्हणून नवरात्राच्या आधीच्या व्हिजिटमध्येच उपास कसला करणार, काय खाणार हे खरं खरं सांगा आणि त्या दिवसांचा डोस वेगळा लिहून घ्या. देवाचं करताना डॉक्टरपासून लपवणारी पिढी आहे आपल्या घरात, त्यांच्या वतीने आपण सांगायचं.

कोणाला विचारायचं

ज्याने ती गोळी सुरू केली त्याला. स्टेंटची गोळी कार्डिओलॉजिस्टने सुरू केली तर ती बंद करायची की नाही हे दाताचे डॉक्टर, डोळ्याचे डॉक्टर किंवा रिसेप्शनवरची मुलगी ठरवू शकत नाही. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डात गोंधळ असेल तर कार्डावरचा नंबर आणि युनिटच्या डॉक्टरांचं नाव बघा, कार्ड बऱ्याचदा ज्युनिअर डॉक्टर रात्री उशिरा भरतात आणि राउंडला मोठे डॉक्टर काय बोलले त्यातलं एखादं राहून जातं. डिस्चार्ज घेतानाच, बिलाच्या धावपळीत नाही तर त्याआधी, सिस्टरला सांगून डॉक्टरांना पाच मिनिटं थांबवा आणि दाखल होण्याआधीच्या प्रत्येक गोळीपुढे चालू, बंद किंवा बदलली असं लिहून घ्या. घरी गेल्यावर होणारे बरेचसे घोळ इथंच मिटतात.

ज्याने सुरू केली तो सापडतच नसेल तर फॅमिली डॉक्टर किंवा एम.डी. मेडिसिन. ते दोघांमधले दुवा होऊ शकतात, एका डॉक्टरने दुसऱ्याला फोन केला की दोन मिनिटांत मिटतं जे आपल्याला दोन आठवडे मिटत नाही. गावाकडे असाल, डॉक्टर लांब असतील तर सरकारच्या ई-संजीवनीवर फुकट ऑनलाइन सल्ला मिळतो, तातडीची नसलेली शंका विचारायला तो उपयोगी आहे.

मेडिकलमध्ये विचारायला हरकत नाही, उलट विचाराच, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सप्रमाणे पेशंटला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे. फक्त काउंटरवरचा मुलगा फार्मासिस्ट असेलच असं नाही, म्हणून "फार्मासिस्ट आहेत का?" असं विचारून त्यांच्याशी बोला. दोन गोळ्या एकत्र चालतात का, एकच औषध दोनदा आलंय का, हे ते चांगलं सांगतात. कुठली बंद करायची हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू दे. आणि चिठ्ठीत एक, दुकानात दुसरंच दिलं आणि "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणाले, तर आतलं नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही जुळवा. थायरॉईड, फिट्स आणि वॉरफरीन किंवा ॲसिट्रोमसारख्या रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा ब्रँड न विचारता बदलू नका.

प्रश्न कसा विचारायचा

आईच्या अँजिओप्लास्टीला चार महिने झाले होते आणि दाढ इतकी दुखायला लागली की काढायचीच. डेंटिस्ट म्हणाले रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या पाच दिवस आधी बंद करा. कार्डिओलॉजिस्टने डिस्चार्जच्या वेळी बजावलेलं, वर्षभर एक दिवस सुद्धा चुकवायची नाही. मी हॉस्पिटलला फोन केला, "दाढ काढायचीय, गोळी बंद केली तर चालेल का?" पलीकडून कोणीतरी म्हणालं, "हो, डेंटिस्ट सांगतायत तर करा." मी बंद करणारच होते. मग वाटलं, आपण स्टेंट कधी बसवला हे सांगितलंच नाही, आणि पलीकडे कोण होतं हे पण माहीत नाही.

दुसऱ्यांदा मी डॉक्टरांच्या नंबरवर असा मेसेज लिहिला:

"नमस्कार डॉक्टर. मी अमुक यांची मुलगी. आई ७१ वर्षांची, चार महिन्यांपूर्वी तुमच्याकडे अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. सध्या ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ रोज चालू. गुरुवारी एक दाढ काढायची आहे. डेंटिस्ट दोन्ही गोळ्या पाच दिवस बंद करायला सांगतायत, तुम्ही वर्षभर बंद करू नका सांगितलं होतं. अजून काहीही बंद केलेलं नाही. प्रश्न: दोन्ही चालू ठेवून दाढ काढायची, एक थांबवायची, की दाढच पुढे ढकलायची? डिस्चार्ज कार्ड आणि डेंटिस्टची चिठ्ठी, दोन्हीचे फोटो खाली."

संध्याकाळी उत्तर आलं: दोन्ही चालू ठेवा, काही बंद करायचं नाही, डेंटिस्टना माझ्याशी बोलायला सांगा. डेंटिस्टनी फोन केला, दोघं बोलले, दाढ काढली, टाका घातला, कापूस जास्त वेळ दाबून धरायला लावला, रक्त थोडं जास्त आलं आणि थांबलं. डेंटिस्टचं चुकलं असं मला वाटत नाही, त्यांना रक्तस्रावाची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. त्यांच्यासमोर दाढ होती आणि कार्डिओलॉजिस्टसमोर स्टेंट, आणि आम्ही दोघांना अर्धी अर्धी गोष्ट सांगत होतो.

म्हणून मेसेजमध्ये पेशंट कोण, काय झालंय, काय चालू आहे, दोघांनी काय काय सांगितलंय, तुम्ही आतापर्यंत काय केलंय, आणि उत्तर कधीपर्यंत हवंय हे सगळं पाहिजे, पण प्रश्न एकच पाहिजे. "काय करू?" असं मोघम विचारलं की "या एकदा दाखवायला" असं मोघम उत्तर येतं. फोनवर बोलणं झालं तर कोण बोललं त्यांचं नाव, वेळ आणि काय सांगितलं ते लगेच कागदावर लिहा. आणि ठेवण्याआधी परत म्हणून दाखवा: "म्हणजे मेटोप्रोलॉल २५ सकाळी एकच, रात्रीची बंद, आणि जुनी ५० ची अजिबात नाही, बरोबर ना?" असं म्हटल्यावर तिकडून दोनदा तरी "नाही नाही, थांबा" आलंय, तेव्हा हे टाळू नकाच.

दोघं समोरासमोरच वेगळे असतील तर

कधी गैरसमज नसतो, खरंच मतभेद असतो. सगळ्यात नेहमीचा म्हणजे गुडघेदुखी. ऑर्थोपेडिक डॉक्टर दुखण्याची गोळी देतात, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशांपैकी, आणि किडनीचे किंवा हृदयाचे डॉक्टर म्हणतात या गोळ्यांना हात लावू नका. बीपीसाठी टेल्मीसार्टन चालू, सोबत लघवीची गोळी, आणि त्यावर पेनकिलर, ही तीन औषधं एकत्र आली की वयस्कर माणसाच्या किडनीवर एकदम ताण येतो, जुलाब होऊन पाणी कमी पडलेलं असेल तर अजूनच. शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं रक्त पातळ ठेवायचं काम अडवू शकतं. पण ऑर्थोपेडिकवाल्यांचं पण खरं आहे की दुखण्यामुळे चालणं बंद झालं की बाकी सगळं बिघडतं.

अशा वेळी एका डॉक्टरला "ते तर असं म्हणाले" म्हणून भिडवू नका, त्याने मान राखण्याचा प्रश्न होतो आणि औषध बाजूला राहतं. दोघांना वेगवेगळं हे विचारा: तुम्हाला नेमकी कशाची भीती आहे, आणि ती भीती धरून दुसरा कुठला पर्याय आहे? किडनीच्या डॉक्टरांनी आईच्या मावशीला पॅरासिटामॉल, लावायचं जेल आणि फिजिओथेरपी एवढ्यावर आणलं आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी ते लगेच मान्य केलं, कारण त्यांना क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा, रिपोर्ट कोणी दाखवलाच नव्हता. शेवटचे क्रिएटिनिन, पोटॅशियम, शुगर, आणि वॉरफरीन चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी), हे रिपोर्ट प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर जायला पाहिजेत, ते कुठल्याही विभागाचे असोत. पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडॅझोल दिली तर वॉरफरीनचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो, साध्या जुलाबाच्या चिठ्ठीत सुद्धा हे येऊ शकतं.

तरी पटत नसेल तर एकाच एम.डी. मेडिसिन डॉक्टरकडे सगळी फाईल घेऊन जा आणि सरळ म्हणा, यातलं काय ठेवायचं ते तुम्ही ठरवून द्या, यापुढे सगळं तुमच्या नजरेखालून जाईल. फाईलच नसेल तर मागायचा हक्क आहे. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांच्या आत द्यायला लागतं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

औषधाने त्रास झाला असं वाटलं तर डॉक्टरला सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ हा सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर आहे, तिथं पेशंट स्वतः नोंद करू शकतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे संशय घेणं वाटतं. आई अजून म्हणते, "अगं त्यांना किती कामं असतात." मी तिला एवढंच सांगितलं की तुझ्या जिवाचं आहे ते, त्यांना विचारायला मी येते, तू फक्त खरं सांग कुठली गोळी घेतलीस आणि कुठली नाही. रागवायचं नाही हे मी मात्र कबूल केलं, कारण आपण रागावलो की ते लपवतात, आणि डॉक्टरला वाटतं गोळी काम करत नाही, म्हणून तो डोस वाढवतो.

उत्तर मिळाल्यावर लगेच

टेबलावरचा कागद नवीन लिहा, वर तारीख टाका, जुन्यावर काट मारून फाईलमध्ये टाका. नवीनचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये, आणि एक प्रत पेशंटच्या पाकिटात किंवा पर्समध्ये. सात दिवसांचा डबा मिळतो मेडिकलमध्ये, सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेला, तो रविवारी एकाच माणसाने भरायचा, त्या कागदावरून बघून, आठवणीने नाही. गोळी घेतली की नाही असा वाद झाला तर कप्पा रिकामा आहे का ते दिसतं.

आणि बंद झालेल्या गोळ्या त्याच दिवशी घराबाहेर. "असू दे, परत लागली तर" म्हणून ठेवलेली स्ट्रिपच पुढच्या वेळी चुकून पोटात जाते. थेट कचऱ्यात टाकू नका, मुलं किंवा जनावरं खातात. गोळ्या स्ट्रिपमधून काढून चहाच्या चोथ्यात किंवा मातीत कालवा, पिशवीला घट्ट गाठ मारा आणि मग कचऱ्यात द्या. न उघडलेल्या स्ट्रिप काही मेडिकलवाले बिल दाखवलं तर परत घेतात, विचारून बघा. आईची ती ५० ची अर्धी बाटली मी अशीच चहाच्या चोथ्यात कालवली, ती ओट्याशी उभी राहून बघत होती आणि म्हणत होती, "एवढ्या चांगल्या गोळ्या." मग तिनेच पिशवीला गाठ मारली.